नारळ फोडील तो मालक

आमच्या कारखान्याचा खरा मालक कोण, हे सरकारला कधी कळलं नाही, कारण सरकार कागद बघत बसलं. एखादा अधिकारी खंडेनवमीला वाळूजला आला असता तर त्याला दारातच उत्तर मिळालं असतं. ज्याच्या डोक्यावर फेटा आणि हातात नारळ, तो मालक. बाकीचे टाळ्या वाजवायला.

कागदावर मालक मीच होते. करुणा बन्सी हिवराळे. कंपनीचे जवळपास सगळे शेअर माझ्या नावावर, गेटच्या पाटीवर संचालक म्हणून माझं नाव. पण खंडेनवमीला मी दुसऱ्या रांगेत, पेढ्यांचा बॉक्स धरून उभी. फेटा विश्वजित चौसाळकरांचा. त्यांच्या आई यमुनाबाई एकेका पॉवर प्रेसला हळदकुंकू लावायच्या, चौसाळकर नारळ फोडायचे, आणि दसऱ्यानंतर पेपरात फोटो यायचा: ‘उद्योजक विश्वजित चौसाळकर यांच्या हस्ते यंत्रपूजन’. फोटोत मी अर्धीच दिसायचे. उरलेली अर्धी पेढ्यांच्या बॉक्समागे.

हे जमलं कसं, तेही सांगते. औद्योगिक वसाहतीत काही प्लॉट आमच्या समाजातल्या उद्योजकांसाठी राखीव असतात. चौसाळकरांकडे भांडवल होतं, माझ्याकडे जातीचा दाखला. पॉलिटेक्निक करून मी तेव्हा त्यांच्या जुन्या शेडमध्ये क्वालिटीला लागले होते. एक दिवस केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "करुणा, तुझ्या नावावर नवीन कंपनी काढू. तू मालकीण, मी नुसता सल्लागार." म्हणताना हसले. मीही हसले. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण जिथे उभ्याउभ्या माल तपासत होते तिथे निदान खुर्ची मिळत होती, आणि खुर्ची मिळाली की माणूस पुढचं पुढे बघू म्हणतो.

त्यांनी शेअर हस्तांतराच्या एका कोऱ्या फॉर्मवर माझी सही घेतली. घेणाऱ्याचं नाव रिकामं. "फॉर्मॅलिटी," म्हणाले, आणि तो फॉर्म त्यांच्या गारखेड्याच्या बंगल्यातल्या कपाटात गेला. उद्या मी डोकं वर काढलं तर रिकाम्या जागी कुणाचंही नाव भरायचं आणि मला रस्ता दाखवायचा, एवढाच त्याचा उपयोग.

माझे वडील आयुष्यभर चौसाळकरांच्या वडिलांची, सदाशिव वकिलांची, जीप चालवत होते. गंगापूर, वैजापूर, जिथे तारीख तिथे. त्यांना तर आनंदानं रडूच आलं. "वकीलसाहेबाच्या पोरानं माझ्या पोरीला मालकीन केली," असं गल्लीभर सांगत सुटले. मी त्यांना सांगू दिलं.

माझा धाकटा भाऊ राजेंद्र आमच्याच कारखान्यात प्रेसवर होता. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ती खाली येते. हात बटणावर म्हणजे खालच्या साच्यात, डायमध्ये नाहीत, साधी गोष्ट. पण दोन्ही हात अडकले की पत्रा सरकवायला वेळ जातो. म्हणून चौसाळकरांनी एक युक्ती काढली होती. एका बटणात आइस्क्रीमची काडी ठोकायची आणि ते कायमचं दाबून ठेवायचं. मग एका हातानं पत्रा सरकवा, दुसऱ्यानं बटण दाबा. मी काड्या काढायचे, ते परत ठोकून घ्यायचे. "करुणा, तू क्वालिटी बघ. क्वांटिटी माझ्यावर सोड." अशी मी मालकीण, जिला स्वतःच्या कारखान्यातली एक काडी काढायची सोय नव्हती.

थंडीत एका सकाळी राजेंद्रच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याच प्रेसवर, जिला खंडेनवमीला सगळ्यात जास्त कुंकू लागलं होतं.

चौसाळकर दवाखान्यात आले नाहीत. कारखान्यात मात्र लगेच आले, कारण फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे होते. इन्स्पेक्टरांनी प्रेस बघितली, बटणातली काडी बघितली आणि विचारलं, "मालक कोण?"

मी तोंड उघडायच्या आत चौसाळकर माझ्या मागे सरकले. खरोखर मागे सरकले. या माणसाला मी आजवर कुणाच्या मागे उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"ह्या. करुणा मॅडम," ते म्हणाले. "मी आपला सल्लागार, साहेब. मशीनबिशीनचं मला काही माहीत नसतं. माझा संबंध नाही."

मॅडम! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडम म्हणाले, तेही माझ्या गळ्यात धोंड बांधताना.

खटला माझ्यावर झाला. भावाच्या बोटांची आरोपी सख्खी बहीण. समन्स घरी आलं तेव्हा बाबा ते हातात धरून उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "साहेबाला कायतरी अडचन आसंल बाई. त्यांचं मीठ खाल्लंय आपन."

"मीठ आपण खाल्लं बाबा. बोटं कुणी खाल्ली?"

बाबांनी समन्सची घडी घातली. राजेंद्र बँडेजचा हात मांडीवर घेऊन बसला होता. "ताई," तो म्हणाला, "त्याला सोडू नको. बास. दुसरं काय नाय मागत मी."

मला सांगायला लाज नाही, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. लोक म्हणतात राग गिळावा. मी गिळला नाही, तोंडात धरून ठेवला. भाकरी थापताना, माल तपासताना, चौसाळकरांना "गुड मॉर्निंग सर" म्हणताना. आणि त्यांनी काय केलं? इन्स्पेक्टरांच्या धाकानं निघालेल्या काड्या उन्हाळ्याच्या आत परत ठोकून घेतल्या.

माझी शाळेपासूनची मैत्रीण तनुजा जिल्हा न्यायालयात वकिली करते. मी तिला म्हटलं, सरळ कोर्टात सांगते, मालक मी नाही, तो आहे.

"सांग ना," ती म्हणाली. "मग राखीव प्लॉट जाईल, कंपनी बंद पडेल, तू, राजेंद्र आणि सगळे कामगार घरी. त्याला थोडाफार त्रास होईल. मग तो दुसरा एखादा दाखला शोधेल आणि दुसरी कंपनी काढेल. त्याला काय, माणसं मिळतात."

म्हणजे मी सुटले तर कारखाना गेला, आणि कारखाना ठेवला तर बोटांचा गुन्हा माझा. घरी येऊन राजेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "त्याचा जीव कशात हाय ताई? दंडात का कारखान्यात?"

"कारखान्यात."

"मंग दंडाचं काय घेऊन बसली?"

यानंतर मी वाट बघायला लागले. कशाची, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला कंपन्यांच्या निबंधकाकडून पत्र आलं. तुमच्या कंपनीच्या शेअरवर नाव एकाचं आणि खरा लाभ दुसऱ्याचा, असं काही आहे का? असेल तर दोघांनीही तसं जाहीर करावं. नसेल तर नाही असं कळवावं. चौसाळकरांनी केबिनचं दार लावून घेतलं. आत ते, त्यांचे सीए, स्पीकरवर पुण्याचा एक मोठा वकील, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी. कागदावरची मालकीण बसलेली बरी, म्हणून.

पुण्याचा वकील म्हणाला, "कारभार तुम्ही चालवता, नफा तुमच्याकडे येतो. माझ्या मते कळवावं लागेल."

सीए म्हणाले, "माझ्या मते नाही. दोघांमध्ये कागदच नाही काही. हे सल्लागार म्हणून फी घेतात, बस. फी घेणारा लाभधारक होतो, असं नियमात कुठंय?"

"नाही असंही कुठे लिहिलंय?"

"मग थांबू. खुलासा येईल कधीतरी."

"थांबलात आणि उलटा खुलासा आला तर?"

अर्धा तास हेच. दोघंही हुशार, दोघंही फीवाले, आणि दोघांनाही ठाम माहीत नव्हतं. कायद्याच्या एकाच ओळीतून एकाला दार दिसत होतं, दुसऱ्याला भिंत. चौसाळकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मालकी जाहीर केली तर राखीव प्लॉट हातचा जाणार, वर बेनामी म्हणून चौकशी. नाही केली आणि पुढे ती करायला हवी होती असं ठरलं, तर तेही अंगाशी. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्यांची अजिबात दया आली नाही.

शेवटी सीएंचं मत जिंकलं, कारण ते ऐकायला बरं होतं. ‘अशी कोणी व्यक्ती नाही’ असं उत्तर द्यायचं ठरलं. सही मालक म्हणून माझी. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "सर, मला भीती वाटते."

"कसली?"

"त्या दिवशी इन्स्पेक्टर आले तसं उद्या कुणी आलं आणि म्हणालं, बाई, तू खोटं लिहिलंस, मालक तर हे, तर? एका खटल्यात आहेच मी. तुमचंही एक लिहून द्या ना सर. इन्स्पेक्टरसमोर बोललात तेच. माझा संबंध नाही म्हणून."

चौसाळकरांनी सीएंकडे बघितलं. सीए म्हणाले, "वाईट नाही. उलट भक्कम होईल. प्रतिज्ञापत्रच करू या. आणि करायचंच तर नीट करू. बँकेतली तुमची सही काढा, मोबाईल नंबर मॅडमचा द्या. सल्लागाराचा करारही बंद करा सध्या. कुठं धागा राहायला नको."

"अहो, मग कारखाना चालवायचा कसा?"

"चालवा की तुम्हीच. फोनवरून. करुणा काय परकी आहे?"

चौसाळकर माझ्याकडे बघून हसले. वकीलसाहेबांच्या ड्रायव्हरची मुलगी. हिवराळे म्हणजे घरचीच माणसं. शिवाय कपाटात कोरा फॉर्म होताच. त्यांनी स्टॅम्प पेपरवर सही केली: सदर कंपनीत माझा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही हितसंबंध, हक्क अथवा नियंत्रण नाही आणि कधीही नव्हतं. ‘कधीही नव्हतं’ हे सीएंनी घातलं. मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरले आणि माझ्यापुढच्या उत्तरावर सही केली.

त्याच संध्याकाळी तनुजाला प्रत दाखवली. तिनं दोनदा वाचली.

"हे बघ," ती म्हणाली, "जाहीर करायला हवी होती ती मालकी जाहीर केली नाही, तर पुढं तिचा हक्क सांगता येत नाही, असं कायद्यात आहे. तुमच्या प्रकरणाला ते लागू होतं का? मी म्हणेन होतं, त्याचा वकील म्हणेल नाही. वर्षानुवर्षं चालेल. पण तोवर बँक, चावी, गेट ज्याच्या हातात, त्याचा कारखाना. फक्त एक लक्षात ठेव. तूही सही केलीस. मालक मीच, असं. हे खोटं आहे असं कुणी सिद्ध केलं तर तूही जाशील."

"खोटं कसं? बोटांचा खटला माझ्यावर आहे ना? गुन्हा माझा असेल तर कारखानाही माझाच. त्यानंच ठरवलंय हे, मी नाही."

तनुजानं प्रत माझ्या हातात परत दिली. "मग कोर्टातही तेच बोलावं लागेल तुला," ती म्हणाली. "एकीकडे मालक आणि एकीकडे नाही, असं चालणार नाही. आणि तिथं नुसता दंडच होईल, अशी खात्री मी देणार नाही."

"माहीत आहे."

खंडेनवमी जवळ आली तसे सीए पुन्हा घाईघाईनं आले. मागच्या वर्षीचा पेपर आणला होता. फेटा, नारळ, ‘उद्योजक विश्वजित चौसाळकर’. "हे असले फोटो आता नकोत," ते म्हणाले. "उद्या कुणी फाईलला लावला तर? यंदा तुम्ही येऊच नका. नारळ मॅडमना फोडू द्या."

चौसाळकरांना हे प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त लागलं. खरंच. स्टॅम्प पेपरवर हसत सही केली होती, पण नारळ सोडायचा म्हटल्यावर चेहरा उतरला. आईला काय सांगू, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "करुणा, यंदा तू फोड."

"सर, आम्ही बौद्ध. आमच्यात पूजा नसते. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आम्ही."

"अगं, एक दिवस! नाटक समज."

"नाटक तर कधीचंच चालू आहे सर," मी म्हणाले. ते हसले. त्यांना वाटलं मी गमतीनं म्हणतेय.

खंडेनवमीला सगळे कामगार जमले. प्रेसना झेंडूच्या माळा होत्या. मी कुणाला अडवलं नाही. ज्याला ज्याच्या मशीनला हळदकुंकू लावायचं त्यानं लावलं. मग कुणीतरी नारळ आणि फेटा आणून माझ्यापुढे धरला. मी फेटा बाजूला ठेवायला सांगितला आणि नारळ जेवणाच्या टेबलावर.

"दुपारी खोबऱ्याची चटनी करू त्याची," मी म्हणाले. लोक हसले. "आज फोडाफोडी नाय. आज काड्या निघनार. आन परत ज्यानं ठोकली, तो दुसऱ्या दिशी कामावर नाय. मग तो माझा भाऊ असो का आनखी कोनी."

"आन नग कमी भरले तर?" मागून एकानं विचारलं.

"भरू देत कमी. माल घेनाऱ्यांशी मी बोलते." माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीतले लोक क्वालिटीसाठी वर्षानुवर्षं मलाच फोन करत होते. चौसाळकरांना हे कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

राजेंद्रनं पक्कड डाव्या हातात घेतली. एकेका प्रेसपाशी गेला आणि बटणातली काडी ओढून काढली. काड्या तेलानं काळ्या झाल्या होत्या, काही तुटून आत राहिल्या, त्या त्यानं टोच्यानं कोरून काढल्या. स्वतःच्या प्रेसपाशी आल्यावर तो थांबला. मला वाटलं, याला जमणार नाही. पण त्यानं ती काडी काढली, पेढ्यांच्या ताटात टाकली आणि म्हणाला, "चला, पेढे वाटा." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला ते फार आवडलं.

चौसाळकरांना संध्याकाळपर्यंत कळलंच असणार. दसरा झाला, आम्ही घरचे सगळे बुद्ध लेणीवर जाऊन आलो, आणि कारखाना उघडला त्या सकाळी त्यांची गाडी गेटवर आली.

गेटवर साहेबराव असतो. आमच्या गेटचा एक नियम आहे: बाहेरच्या माणसानं वहीत नाव लिहिल्याशिवाय आत यायचं नाही. नियम चौसाळकरांनीच केलेला. एकदा बाबा राजेंद्रचा डबा घेऊन आले होते, भर उन्हात. साहेबरावानं आत सोडलं तेव्हा चौसाळकरांनी सगळ्यांदेखत त्याला झापलं होतं, आणि बाबा पुन्हा बाहेर जाऊन वहीत नाव लिहून आले होते. ज्या माणसानं यांच्या बापाला मांडीवरच्या पोरासारखं गावोगाव फिरवलं, तो.

मी गेटच्या केबिनमध्येच उभी होते. साहेबरावानं वही पुढे केली. "सर, नाव लिहा."

"अरे, डोकं फिरलं का तुझं? गेट खोल!"

"वहीत लिव्हल्याबिगर देवाला बी सोडायचं नाय, असं तुम्हीच सांगितलंय सर." साहेबरावानं गेट उघडलं नाही.

चौसाळकर खाली उतरले. मला बघितलं. "करुणा, काय चाललंय हे?"

"कोणाला भेटायचंय सर? कामाचं स्वरूपही लिहावं लागतं."

त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. "मस्ती आली का? विसरलीस?" त्यांनी खिशातून तो फॉर्म काढला. माझी जुनी सही मी लांबूनच ओळखली. "आत्ता नाव भरतो आणि तुला हाकलतो."

"भरा." मी माझं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. "कोणाचं भरता? तुमचं भरलं तर प्लॉट जाईल. आणि स्टॅम्प पेपरवर तर लिहून दिलंय की तुमचा कधी संबंधच नव्हता. दुसऱ्या कोणाचं भरलं, तर मी सांगेन, ही सही माझ्याकडून कोऱ्या फॉर्मवर घेतली होती. का घेतली होती, ते मग तुम्ही सांगा. घ्या ना पेन."

त्यांनी पेन घेतलं नाही. फॉर्म हातात, आणि हात तसाच हवेत. कितीतरी वर्षं तो कागद माझ्या मानेवर टांगलेला होता. आता तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. मला इतका आनंद झाला की गाल दुखायला लागले, आणि मी तो लपवलाही नाही.

मग त्यांनी आवाज मऊ केला. "करुणा, अगं माझ्या वडिलांनी तुझ्या वडिलांना आयुष्यभर पोसलं."

"माझ्या बापानं तुमच्या बापाला आयुष्यभर मुक्कामाला पोचवलं, आणि धडधाकट घरी आणलं. तुमच्याकडं आम्ही एक पोरगा पाठवला, तर तो तीन बोटं कमी होऊन आला."

"मी कोर्टात जाईन. मालक मी आहे! सगळ्या गावाला माहीत आहे!"

"जरूर या सर. दिवाळीनंतर तारीख आहे राजेंद्रच्या खटल्याची. तिथं पहिला प्रश्न हाच असतो, मालक कोण."

ते गाडीत बसले. वहीत नाव लिहिलं नाही, म्हणून साहेबरावानं त्यांना आत सोडलं नाही.

तारखेला ते खरंच आले. पुण्याच्या वकिलाला घेऊन, मागच्या बाकावर बसले. राजेंद्र आणि बाबा त्यांच्या पलीकडच्या बाकावर. बाबांनी सवयीनं त्यांना नमस्कार केला आणि मग हात खाली घेतला.

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. प्रेसवरचं सुरक्षेचं साधन बंद करून ठेवलं, त्यामुळे कामगाराची बोटं गेली, आणि कारखान्याचा कारभार आरोपीच्या ताब्यात होता. "गुन्हा कबूल आहे का?"

"साहेब, एक विनंती आहे," मी म्हणाले. तनुजानं माझ्याकडे बघितलं, पण थांबवलं नाही. "कारखान्याचा मालक मी नाही, असं म्हणणारं कोणी इथं बसलं असेल, तर त्यांना आजच विचारा. नंतर वाद नको."

"असं कोण म्हणतं?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून मागे पाहिलं.

मीही मागे वळले. चौसाळकर अर्धे उठले होते. कोर्टातले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुम्ही? तुम्ही मालक आहात का?" न्यायाधीश म्हणाले. "असाल तर पुढे या. पण मग ते बटण कोणी बंद करायला लावलं, हेही इथंच सांगावं लागेल."

वकिलानं त्यांची बाही ओढली. चौसाळकरांनी राजेंद्रकडे बघितलं, मग माझ्याकडे. कारखाना त्यांच्यापासून एका वाक्यावर होता. फक्त त्या वाक्याला बोटं चिकटलेली होती.

"नाही साहेब," ते म्हणाले. "माझा काही संबंध नाही." आणि खाली बसले.

न्यायाधीश पुन्हा माझ्याकडे वळले. राजेंद्रनं तो हात मांडीवर ठेवला होता, उघडाच, रुमालाखाली न लपवता. आता ही बोटं जन्मभर माझ्या नावावर लागणार होती. 

"मालक मीच, साहेब," मी म्हणाले. "गुन्हा कबूल आहे."